माग नवे, कापड तेवढेच!

समजा, तुमच्या गावातील एका कारखान्याने जुनी यंत्रे काढून टाकली आणि नवी, स्वयंचलित यंत्रे बसवली. उत्पादन वाढेल की नाही? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! वाढेलच. न वाढायला काय झाले?

अहमदाबादच्या कॅलिको गिरणीच्या चालकांनाही असेच वाटले होते. गिरणीचे प्रमुख होते गौतम साराभाई. आपले अवकाशशास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांचे हे थोरले बंधू. १९५२ च्या सुमारास त्यांनी एका शेडमध्ये स्वयंचलित माग बसवले. माग उत्तम होते, सूत चांगले होते, कामगार शिकवून तयार केलेले होते, कोणी किती काम करायचे याचे मोजमापही घड्याळ लावून केलेले होते. आणि तरीही साध्या यंत्रमागांपेक्षा ना कापड जास्त निघत होते, ना त्याची प्रत सुधारत होती. यंत्रज्ञांनी माग तपासले. मागांत दोष सापडला नाही.

मग दोष कुठे होता? आज आपण या कोड्याचा पाठपुरावा करणार आहोत. त्यासाठी आपल्याला अहमदाबादहून थेट इंग्लंडमधील कोळशाच्या खाणीत उतरावे लागेल आणि तेथून परत यावे लागेल. पण आधी माग कसा चालतो ते पाहू.

कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात. आडवे धागे असतात, त्यांना बाणा म्हणतात. धोटा आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे धावत असतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या वाचकांना हे सांगायला नकोच. हा खडखडाट त्यांच्या कानांत जन्मापासून आहे. साध्या यंत्रमागावर कांडी संपली की विणकर माग थांबवतो, नवी कांडी घालतो आणि माग पुन्हा सुरू करतो. उभा धागा तुटला तर तो नजरेने टिपून सांधतो. त्यामुळे एका माणसाला फार माग सांभाळता येत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत एका विणकराकडे साधारणतः दोनच माग असत. ते वाढवून तीन करण्याची योजना निघाली आणि १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो प्रचंड संप केला, त्याच्या कारणांत ही योजना अगदी वरच्या जागी होती. संप जवळजवळ सहा महिने चालला. यावरून ‘एका माणसाकडे किती यंत्रे’ हा प्रश्न किती नाजूक आहे, हे ध्यानात येईल.

स्वयंचलित मागाने ही मर्यादाच काढून टाकली. त्याच्या कडेला भरलेल्या कांड्यांचा एक साठा असतो. धोट्यातील कांडी संपत आली की यंत्र स्वतःच नवी कांडी आत ढकलते आणि माग क्षणभरही थांबत नाही. उभा धागा तुटला तर मात्र तो आपोआप थांबतो. म्हणजे विणकराने सतत डोळे लावून बसायची गरज उरली नाही. आता एकाच विणकराकडे २४ किंवा ३२ माग सोपवता येऊ लागले.

येथपर्यंत सारे ठीक. पण विणकर पूर्वी जी बारीकसारीक कामे एकटाच करत असे, ती आता कोण करणार? व्यवस्थापकांनी ती वाटून टाकली. तुटलेला धागा सांधायचा तो विणकराने. साठ्यात कांड्या भरायच्या त्या दुसऱ्याने. एकदम बरेच धागे तुटून जाळे झाले तर ते सोडवायचे तिसऱ्याने. ताण्याचा नवा रूळ चढवणारा निराळा, तयार कापड उचलून नेणारा निराळा, तेल घालणारा निराळा, झाडणारा निराळा. हवेत दमटपणा राखणाऱ्या यंत्रणेचा जोडारीसुद्धा निराळा, कारण कापसाचे सूत कोरड्या हवेत लवकर तुटते आणि अहमदाबादची हवा बरीच कोरडी असते. अशी एकूण १२ प्रकारची कामे, ती करणारी २९ माणसे आणि माग २२४.

कागदावर हा हिशोब चोख दिसतो. कोणाचाही एक मिनिट वाया जाऊ नये, अशी ती वाटणी होती. ती चुकली कुठे, हे समजण्यासाठी आता खाणीत उतरू.

अंधारातील सोबती

इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर, १ जानेवारी १९४७ रोजी, कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. नवी यंत्रे आली होती, मालक बदलले होते, सोयी सुधारल्या होत्या. पण कोळसा हवा तेवढा निघेना. कामगार खाण सोडून जात होते, जे होते ते वरचेवर गैरहजर राहत होते, आणि तंटे चालूच होते.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील मानसशास्त्रज्ञ एरिक ट्रिस्ट यांनी हा प्रश्न अभ्यासाला घेतला. त्यांचे सहकारी होते केन बॅमफर्थ. त्यांनी स्वतः १८ वर्षे खाणीत कोळसा काढलेला होता. माझ्या मते या संशोधनाचे निम्मे यश येथेच आहे. जमिनीखाली काळोखात माणसाला काय वाटते, हे जमिनीवरच्या माणसाला प्रश्न विचारून कितीसे कळणार? दोघांचा निबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला आणि कामाच्या मानसशास्त्रात तो आजही वाचला जातो.

पूर्वीची पद्धत अशी होती : दोन अनुभवी कामगार आणि त्यांच्या हाताखाली एखाददुसरा पोऱ्या, एवढ्यांची एक टोळी. कोळसा तोडायचा, भरायचा, ढकलत न्यायचा, छताला लाकडी टेकू द्यायचे, सगळे त्यांनीच. सोबती ज्याचा त्याने निवडायचा. खाणीच्या व्यवस्थापनाशी करार टोळी स्वतः करी आणि पैसे वाटून घेई. म्हातारे जोडीदार सावकाश काम करत, तरणे झपाट्याने करत, दोन्ही चाले. ही सोबत वर्षानुवर्षे टिके. जोडीदार अपघातात सापडला तर त्याच्या बायकामुलांची काळजी दुसऱ्याने घेतल्याची उदाहरणे होती. ज्या ठिकाणी डोक्यावरचे छत कधीही खाली येऊ शकते, तेथे शेजारचा माणूस कोण आहे, याला अर्थ असतो.

मग कोळसा कापणारे यंत्र आले आणि कोळसा वाहून नेणारा सरकता पट्टा आला. पट्टा बसवायचा म्हणजे लहान लहान कोनाड्यांत काम करून परवडत नाही. तेव्हा १८० ते २०० यार्ड लांबीची एकच सलग भिंत धरून कोळसा काढायला सुरुवात झाली. हिला लांब भिंतीची पद्धत म्हणत. सारे काम तीन पाळ्यांत विभागले गेले. पहिल्या पाळीत १० जण : सुरुंगासाठी भोके पाडणारे, यंत्राने भिंतीच्या तळाशी खाच कापणारे, खाचेतील चुरा काढणारे, पट्टा सोडवणारे. दुसऱ्या पाळीत आणखी १० : पट्टा पुढे नेऊन जोडणारे आणि वाट उंच करणारे. तिसऱ्या पाळीत २० जण, त्यांचे काम फक्त कोळसा फावड्याने पट्ट्यावर भरायचा. एकूण ४० माणसे आणि सात प्रकारचे कामगार. मजुरी ठरवण्याच्या रीतीही एकसारख्या नव्हत्या.

आता या तिसऱ्या पाळीतील एका माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुमच्या वाट्याला भिंतीचा आठ-दहा यार्डांचा तुकडा आलेला आहे. छत इतके खाली की ताठ उभे राहता येत नाही. शेजारचा माणूस दहा यार्डांवर आहे, पण धूळ आणि काळोख यांतून त्याच्या दिव्याचा ठिपकाच काय तो दिसतो. पट्ट्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. आणि तुमच्या तुकड्यात पहिल्या पाळीने खाच नीट कापलेली नाही, किंवा चुरा तसाच ठेवलेला आहे, किंवा छत कच्चे आहे. तुमचे काम दुप्पट झाले. चूक करणारे लोक कोण? ते तर केव्हाच घरी जाऊन झोपले आहेत. तुमची त्यांची भेटही होत नाही. तक्रार करायची तर पर्यवेक्षक एकच, आणि तो त्या दोनशे यार्डांत कुठे रांगत असेल कोण जाणे.

असे झाल्यावर माणूस काय करतो? ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांना चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. पर्यवेक्षकाच्या नकळत दोघाचौघांचे कंपू जमत; कंपूत नसलेल्याचे हाल होत. काही जण कोणाचीच मदत न घेता, न देता, आपल्यापुरते पाहू लागत. प्रत्येक पाळी दुसऱ्या पाळीवर दोष ढकले. आणि शेवटचा उपाय म्हणजे घरी राहणे. गैरहजेरी हा आळस नव्हता, थकलेल्या मनाने स्वतःला दिलेली ती रजा होती, असे या दोघांचे म्हणणे.

लक्षात घ्या, यंत्र चांगलेच होते. कष्ट कमी करण्यासाठीच ते आले होते. पण यंत्राबरोबर कामाची जी मांडणी आली, तिने जुनी सोबत मोडली आणि तिच्या जागी दुसरे काही दिले नाही. कारखान्यात एकाच वेळी दोन व्यवस्था नांदत असतात. एक यंत्रांची, दुसरी माणसांची. ट्रिस्ट यांनी दोन्ही मिळून एकच सामाजिक-तांत्रिक व्यवस्था आहे, असे म्हटले. एका बाजूला हात लावला की दुसरी बाजू हलतेच. तराजूचे एकच पारडे उचलून पाहा, म्हणजे समजेल.

मग यंत्र परत पाठवायचे का? येथे गोष्ट रंगते. बॅमफर्थ दक्षिण यॉर्कशायरमधील आपल्या जुन्या खाणीत गेले, तेव्हा तेथील कामगारांनी स्वतःच एक निराळी पद्धत काढलेली त्यांना आढळली. यंत्रे नव्या काळातली. पण माणसे जुन्या टोळीसारखी एकत्र, एकमेकांची कामे करू शकणारी, आपली पाळी आपण लावणारी. पुढे ट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डरॅम परगण्यात दोन लांब भिंतींची तुलना केली. थर तोच, यंत्रे तीच. एका ठिकाणी कामे काटेकोरपणे विभागलेली. दुसऱ्या ठिकाणी सुमारे चाळीस जणांचा एकच गट, सर्वांना सर्व कामे येणारी, मजुरी एकत्र घेऊन सारखी वाटणारी. आधीच्या पाळीने काम जेथे सोडले तेथून पुढची पाळी सुरू करी. ‘हे माझे काम नाही’ असे म्हणायला जागाच नव्हती. १९६३ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : त्या भिंतीतून जेवढा कोळसा निघू शकला असता, त्यापैकी पहिल्या ठिकाणी ७८ टक्के निघाला, दुसऱ्या ठिकाणी ९५ टक्के. आजारपण, अपघात आणि इतर कारणे धरून गैरहजेरी पहिल्या ठिकाणी २० टक्के, दुसऱ्या ठिकाणी ८ टक्क्यांच्या आसपास. त्यातील अपघातांमुळे होणारी गैरहजेरीसुद्धा दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच्या निम्म्याहून कमी होती.

पुन्हा अहमदाबाद

१९५३ साली टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस कॅलिको गिरणीत आले, तेव्हा खाणीतील ही कथा त्यांच्या डोक्यात होतीच. त्यांनी शेडमध्ये उभे राहून नुसते पाहिले. त्यांना काय दिसले असेल, याचा तुम्ही आता अंदाज करू शकाल.

एक छोटे गणित करा. समजा, एका विणकराकडे २४ माग आहेत आणि कांड्या भरणाऱ्याकडे ४०. मग पहिल्या विणकराचे सगळे माग त्या कांडीवाल्याच्या हद्दीत येतात. दुसऱ्या विणकराचे १६ माग त्याच्या हद्दीत आणि उरलेले ८ दुसऱ्याच कांडीवाल्याच्या हद्दीत. धाग्यांचे जाळे सोडवणाऱ्याची हद्द आणखी मोठी, तेल घालणाऱ्याची त्याहून मोठी. कोणाचीच हद्द कोणाच्या हद्दीशी जुळत नाही. म्हणजे विणकराला आपले म्हणता येतील असे सोबतीच नाहीत! कांडीवाला उशिरा आला तर तो ‘दुसऱ्याच्या’ मागांवर गेलेला असतो. २९ माणसे एका छपराखाली काम करत होती, पण त्यांचा गट असा नव्हताच. होती ती फक्त २९ माणसे.

राइस यांनी सुचवले की कामाची वाटणी कामानुसार न करता मागांनुसार करावी. मागांचा एक समूह आणि तो सांभाळणारी एक टोळी. ही कल्पना पर्यवेक्षकांच्या आणि कामगारांच्या कानावर गेली मात्र, त्यांनी ती एकदम उचलली. कोण कोणाबरोबर जाणार, कोणते काम कोणाकडे राहणार, याची जुळवाजुळव कामगारांनी स्वतःच केली, आणि तीही इतक्या झटपट की बाहेरून आलेला तज्ज्ञ बघतच राहिला. ६४ मागांना सात जणांची एक टोळी, असे प्रमाण ठरले.

परिणाम काय झाला? माग अजिबात थांबले नसते तर जेवढे विणकाम झाले असते, त्याच्याशी प्रत्यक्ष कामाचे प्रमाण काढतात. त्याला मागाची कार्यक्षमता म्हणू. ती पूर्वी सुमारे ८० टक्के होती. नवी पद्धत स्थिरावल्यावर ती ९५ टक्के झाली. दोष असलेल्या कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. एकही नवे यंत्र न घेता!

चौकस वाचकाने येथे एक शंका काढली पाहिजे. टोळ्या केल्या तेव्हा वेतनाची पद्धतही बदलली होती. मग श्रेय टोळीचे की पैशांचे? अभ्यासकांत यावर पुढे वाद झाला, आणि तो योग्यच होता. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर परिणाम कोणामुळे झाला हे सांगणे कठीण, हा नियम तुम्ही प्रयोगशाळेत शिकलाच आहात. प्रयोगशाळेत तो पाळता येतो. चालत्या गिरणीत पोटापाण्याशी गाठ असते, तेथे एकेकच गोष्ट बदलण्याची चैन क्वचितच मिळते.

आणखी एक. १९७० साली राइस यांचे सहकारी एरिक मिलर पुन्हा त्या गिरणीत गेले. एका शेडमध्ये टोळीपद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती. इतरत्र ती हळूहळू झिजली होती. बाजारपेठेचा ताण आला, कापडाचे प्रकार वरचेवर बदलू लागले, की वरिष्ठ पुन्हा जुन्या सवयीने हुकूम सोडू लागतात. आता ती गिरणीही बंद पडून बरीच वर्षे झाली.

काहीच न करण्याचा थकवा

खाणीतील आणि गिरणीतील माणसे निदान हातांनी काही करत तरी होती. पण यंत्र आणखी सुधारले की माणसाला एकच काम उरते : पाहत बसणे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतून रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुड्या शोधत. पाणबुडी म्हणजे पडद्यावर उमटणारा एक बारीक ठिपका. तासन् तास काहीच नाही, आणि मग कधीतरी तो ठिपका. चांगले, डोळस, कामाची गोडी असलेले सैनिकसुद्धा तो हुकवत. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी याचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आकडे नसलेले एक कोरे घड्याळ केले. त्याचा काटा दर सेकंदाला एक उडी मारी आणि शंभर उड्यांत फेरी पुरी करी. मधूनच, नेम नसताना, काटा दुप्पट उडी घेई. बघणाऱ्याने तेवढी दुप्पट उडी ओळखून कळ दाबायची. वेळ दोन तास.

पहिला अर्धा तास संपतो न संपतो तोच उड्या हुकू लागल्या. माणसे झोपलेली नव्हती, डोळे काट्यावरच होते. मॅकवर्थ यांना उपायही सापडले. दर अर्ध्या तासाने माणूस बदलला तर घसरण होत नसे. ‘बरोबर’, ‘हुकले’ असे लगेच सांगितले तरी होत नसे. इतकेच काय, मध्येच टेलिफोन करून ‘अजून चांगले करून दाखवा’ एवढे सांगितले तरी काही वेळ सुधारणा दिसे!

हा प्रयोग वर्गात करून पाहता येतो. एकाने घड्याळ पाहून दर सेकंदाला बाकावर पेन्सिलीने सारख्या जोराने ठोका द्यायचा आणि मधूनच, ठरलेला नेम नसताना, एखादा ठोका किंचित हलका द्यायचा. कोणता ठोका हलका होता हे त्याने कागदावर नोंदवायचे. बाकीच्यांनी ऐकून नोंदवायचे. तीस मिनिटे चालवा आणि दर दहा मिनिटांच्या चुका वेगळ्या मोजा. ठोके देणाराच आधी कंटाळला, तर तीही नोंद ठेवा.

आज विमानतळावर सामानाची क्षकिरण-चित्रे पाहणारे कर्मचारी तेच काम करतात. हजारो पिशव्यांत कपडे आणि लोणच्याच्या बरण्या. शस्त्र जवळजवळ कधीच नाही. म्हणून अनेक ठिकाणी पडद्यापुढील माणूस थोड्या थोड्या वेळाने बदलतात, आणि काही यंत्रे मधूनच एखाद्या बनावट शस्त्राचे चित्र पडद्यावर घालून तो जागा आहे ना, हे पाहतात. मॅकवर्थ यांचे घड्याळच ते, निराळ्या रूपात.

यातून एक विचित्र अडचण उभी राहते. ती सर्वांत स्पष्टपणे मांडली लिझॅन बेनब्रिज या विदुषींनी, १९८३ साली. त्या म्हणाल्या : यंत्रे बनवणाऱ्याला माणूस बेभरवशाचा वाटतो, म्हणून तो सोपी कामे यंत्राला देतो. जी कामे त्याला यंत्राकडून करून घेता आली नाहीत, तेवढी अवघड कामे माणसाकडे उरतात. रोजचे काम यंत्र करत असल्यामुळे माणसाचा हात मोडतो, सराव जातो. आणि यंत्र बिघडते केव्हा? नेमक्या कठीण वेळी. म्हणजे ज्याचा सराव गेला आहे, त्यालाच अचानक सर्वांत कठीण काम करावे लागते!

१ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एक विमान अटलांटिक महासागरावर असताना त्याचा वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ जमले. वेगाचे आकडे विसंगत येऊ लागताच स्वयंचलित वैमानिक-यंत्रणा बाजूला झाली आणि विमान माणसांच्या हाती आले. रात्रीची वेळ, ढग, घंटांचा गलका. विमानाचे नाक वर उचलले गेले, पंखांचा आधार तुटला, आणि काही मिनिटांत ते समुद्रात कोसळले. २२८ जण मृत्युमुखी पडले. नळ्यांतील बर्फ मिनिटाभरात वितळलेही होते. या अपघाताला कारणे अनेक होती. ‘वैमानिक चुकले’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. पण त्यानंतर उंचावर हाताने विमान चालवण्याच्या सरावाकडे जगभर पुन्हा लक्ष दिले जाऊ लागले.

हाताचे ज्ञान

अमेरिकेतील शोशाना झुबॉफ यांनी १९८८ साली कागदाच्या गिरण्यांवर लिहिले. तेथील जुने कामगार लगद्याला हात लावून तो कितपत तयार झाला आहे ते सांगत. कोणी कागदाच्या यंत्राजवळून जाताना स्थिर विद्युतेमुळे आपले केस किती उभे राहतात, यावरून कागद किती वाळला हे ओळखी. (स्थिर विद्युतेचा हा उपयोग पाठ्यपुस्तकात नसेल!) मग संगणक आले. कामगारांना काचेच्या, थंडगार नियंत्रणकक्षात बसवले आणि पुढ्यात आकडे ठेवले. कक्षाची दारे आपोआप, पण सावकाश उघडत. बाहेर काय चालले आहे ते पाहण्याच्या घाईत कामगार ती जोराने ढकलून उघडत आणि बिघडवत. आकड्यांवर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. पूर्वी जे बोटांना कळत होते, ते आता मनात जुळवून समजून घ्यायचे होते. कष्ट कमी झाले होते, धोकाही कमी झाला होता. तरी काहींना वाटत होते की आपण आता काहीच करत नाही.

हा अनुभव तुमच्यापासून फार दूर नाही. आपल्या एस. टी.च्या वाहकाकडे पूर्वी तिकिटांची पेटी आणि चिमटा असे. टप्पे, भाडे, सुटे पैसे, सारा हिशोब डोक्यात. आता हातातले यंत्र बेरीज करून तिकीट छापून देते. हिशोबाची कटकट गेली. पण तिकीट कोणत्या क्षणी, कोणत्या थांब्यावर काढले, हेही यंत्र लिहून ठेवते.

येथे एक नवाच धागा निघतो. नव्या यंत्रांना कामाबरोबर माणसाचीही नोंद ठेवता येते. घरोघर जेवण किंवा सामान पोचवणाऱ्या तरुणांना कोठे जायचे, किती वेळात जायचे, हे भ्रमणध्वनीवरील एक प्रणाली सांगते. गिऱ्हाईक किती तारे देते, यावर पुढचे काम अवलंबून राहू शकते. खाणीतल्या त्या विसाव्या फावडेवाल्याची आठवण येते की नाही? शेजारी सोबती नाही; चूक दुसऱ्याची, भोग आपले; आणि तक्रार ऐकणारा पर्यवेक्षक कोठे आहे, पत्ता नाही. फरक इतकाच की तो पर्यवेक्षक रांगत का होईना, एक माणूस होता. दुसरी बाजूही सांगायला हवी : वेळ स्वतःच्या सोयीने निवडता येते म्हणून हे काम पसंत करणारेही आहेत. आणि बऱ्याच शहरांत हे तरुण चहाच्या टपरीशी गाडी लावून एकत्र बसतात, भ्रमणध्वनीवर आपापले गट करतात, कोणत्या इमारतीत उद्वाहन बंद आहे ते एकमेकांना कळवतात. ते कोणी त्यांना शिकवलेले नाही. यॉर्कशायरच्या खाणीतल्यांनाही शिकवलेले नव्हते.

तेव्हा एक काम करा. तुमच्या घरात, शेजारी किंवा शाळेच्या कचेरीत असे कोणीतरी असेलच, ज्यांच्या नोकरीच्या काळात नवे यंत्र आले : बँकेतील कारकून, टपाल खात्यातील मावशी, छापखान्यातील खिळे जुळवणारे आजोबा, मागावरचे काका. ‘यंत्र चांगले होते का?’ असे विचारू नका. त्याला ‘हो’ एवढेच उत्तर मिळेल. असे विचारा : यंत्र येण्यापूर्वी दिवसभरात तुम्ही कोणाकोणाशी बोलत होता? काम चुकले तर कोणाला कळत होते, आणि कसे? यंत्र आल्यावर तुम्हाला येत असलेली कोणती गोष्ट निरुपयोगी झाली? पाच जणांना तरी विचारा, उत्तरे वहीत लिहून घ्या आणि वर्गात एकत्र ठेवून पाहा. आजोबा खिळ्यांच्या घरांविषयी बोलू लागले तर त्यांना मध्येच थांबवू नका.